अस्वलासाठीं पिस्तूल : एका वाङ्मयाचें परीक्षण

प्रस्तुत लेखाचें शीर्षक वाचून आमच्या नेहमींच्या वाचकांस थोडें नवल वाटेल. काव्य, नाटक आणि कादंबरी यांच्या परीक्षणास वाहिलेल्या पानांवर पिस्तुलाचें काय काम, असें कोणी विचारल्यास त्यास दोष देतां येणार नाहीं. परंतु हा विषय आम्हीं शोधला नाहीं. तो आमच्या दारीं चालून आला. आमचे एक जुने स्नेही गेल्या पावसाळ्यांत एका सायंकाळीं आमच्याकडे आले, आणि चहाचा पेला तसाच बाजूस ठेवून म्हणाले, "तुम्ही इतकीं पुस्तकें वाचतां, अस्वलावर कोणतें पिस्तूल चालतें हें सांगाल काय?" त्यांचे चिरंजीव अमेरिकेंत नोकरीस आहेत. येत्या उन्हाळ्यांत दोघां मित्रांसह अलास्कांतील अरण्यांत पंधरा दिवस पायीं फिरण्याचा त्यांचा बेत ठरला आहे. तेथें मोठालीं तपकिरी अस्वलें असतात हें कळल्यापासून घरीं मातोश्रींच्या डोळ्याला डोळा नाहीं. मुलानें त्यांच्या समाधानासाठीं लिहिलें कीं, "काळजी नसावी, कमरेला चांगलें पिस्तूल ठेवूं". आणि कोणतें ठेवावें याविषयींच्या लेखांचा व पुस्तकांचा एक भाराच वडिलांकडे धाडून दिला. तो भारा आमच्या स्नेह्यांनीं आमच्या मेजावर आणून ठेवला.

तो आम्हीं दोन महिने वाचला. पिस्तूल आम्हीं जन्मांत हातीं धरलेलें नाहीं. तेव्हां शस्त्रपरीक्षा करण्याचा आमचा अधिकार नाहीं हें आरंभींच कबूल केलेलें बरें. परंतु वाङ्मयाची परीक्षा करण्याचा थोडाबहुत अभ्यास आम्हांस आहे, आणि हें एक स्वतंत्र वाङ्मयच आहे अशी आमची खात्री झाली आहे. त्याचे स्वतःचे संकेत आहेत, पंथ आहेत, वीरपुरुष आहेत. आणि येथें एक विशेष आहे. एकादी कादंबरी वाईट निघाली तर वाचकाची एक संध्याकाळ फुकट जाते. हें वाङ्मय वाईट निघालें तर त्यावर विसंबणाऱ्याचा जीव जाईल. म्हणून त्याचें परीक्षण अधिक कडकपणें झालें पाहिजे. प्रत्यक्षांत तें मुळींच होत नाहीं.

या लेखांची बांधणी बहुधा एकच असते. आरंभीं नदीकांठचीं झुडुपें हलतात, पांच-सहाशें किलोंचें एक धूड बाहेर येतें, नायकाचा हात कमरेकडे जातो, बार होतो. दुसऱ्या परिच्छेदापासून त्या पिस्तुलाच्या नळीची लांबी, वजन, गोळीचा वेग आणि किंमत यांचें वर्णन सुरू होतें, तें अखेरपर्यंत. अस्वल पहिल्या परिच्छेदांत जें मरतें तें पुन्हां लेखांत डोकावत नाहीं. तें तेथें कां होतें, पिलें जवळ होतीं काय, मेलेल्या हरणावर तें बसलें होतें काय, वारा कोणत्या दिशेनें वाहत होता, येणारा माणूस गप्प चालला होता कीं बोलत होता, या प्रश्नांस तेथें जागा नाहीं. नाटकांत खलनायक कां खल झाला हें न सांगणाऱ्या नाटककारास आपण जें म्हणतों तेंच या लेखकांस म्हणावें लागेल.

दुसरा दोष अधिक खोल आहे. हें वाङ्मय जे वांचले त्यांनींच लिहिलेलें आहे. ज्यांच्या कमरेला उत्तम पिस्तूल असूनही तें बाहेर येण्यापूर्वींच सर्व आटोपलें, त्यांनीं लेख लिहिले नाहींत. आणि ज्यांना अस्वल दिसलें, ज्यांनीं दोन शब्द हळू आवाजांत बोलून पाय मागें घेतला, आणि जें अस्वल आपल्या वाटेनें निघून गेलें, त्यांच्या हकीकतींत लिहिण्यासारखें कांहींच नसल्यामुळें त्यांनींही लिहिलें नाहीं. अशा रीतीनें दोन्ही कडा गळून मधलाच तुकडा आपल्यापुढें येतो, आणि त्याला अनुभव म्हणतात.

हीच गोष्ट सरळ मनानें लिहिली म्हणजे कशी होते हें पाहावयाचें असेल तर दोनशें वर्षें मागें गेलें पाहिजे. १८०४ ते १८०६ या काळांत मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांची तुकडी मिसूरी नदीच्या उगमाकडून पश्चिम समुद्रापर्यंत गेली. या प्रवासाच्या रोजनिशींत इंग्रजी वाचकांस त्या अस्वलाचा पहिला सविस्तर परिचय झाला. १८०५ च्या एप्रिलअखेर लुईस मोठ्या आत्मविश्वासानें लिहितो कीं, धनुष्यबाण आणि साध्या बंदुका बाळगणाऱ्या तेथील मूळच्या लोकांस हा प्राणी भयंकर वाटणें साहजिक आहे, पण कुशल बंदूकवाल्यांस त्याचें तितकें भय नाहीं. एक आठवडाही लोटला नाहीं तोंच, ५ मे रोजीं, क्लार्क व त्याचा एक सोबती यांनीं मारलेल्या अस्वलास दहा गोळ्या लागल्या. पैकीं पांच फुप्फुसांतून आरपार गेल्या होत्या. आणि त्या अवस्थेंत तें अर्ध्याहून अधिक नदी पोहून गेलें. दुसऱ्याच दिवशीं लुईस लिहितो कीं, आमच्या मंडळींची या प्राण्याविषयींची जिज्ञासा आतां पुष्कळशी तृप्त झाली आहे. या एका वाक्यांतील विनोद आमच्या भाऱ्यांतील पन्नास लेखांत मिळून नाहीं.

पुढें १४ जून रोजीं लुईस एकटाच होता. त्यानें एक गवा मारला आणि बंदूक पुन्हां भरण्यास तो विसरला. अस्वल वीस पावलांवर आल्यावर त्याच्या लक्षांत आलें. माळ उघडा, झाड नाहीं. तो धांवत नदींत कमरभर पाण्यांत शिरला, आणि वळून हातांतील आंखूड भाला त्यानें पुढें केला. अस्वल कांठावरच थबकलें, वळलें आणि पळून गेलें. तें कां पळालें हें आपणांस उमगलें नाहीं, असें लुईस मोकळेपणानें मान्य करतो. हा मोकळेपणा आजच्या लेखकांत दुर्मिळ आहे. त्यांच्या लेखांत अस्वल नेहमीं गोळीमुळेंच पळतें.

आमच्या वाचकांस अधिक परिचित अशा एका लेखकाची साक्ष येथें काढण्याचा मोह आवरत नाहीं. टॉल्स्टॉय १८५८ च्या डिसेंबरांत अस्वलाच्या शिकारीस गेला होता. बर्फांतून अस्वल त्याच्या अंगावर आलें. पहिली गोळी चुकली. दुसरी अगदीं जवळून लागली, तरी तें थांबलें नाहीं. त्यानें त्याला खालीं पाडून कपाळाचें व डोळ्याखालचें मांस फाडलें. वांचविलें तें एका खेडवळ शिकाऱ्यानें. त्याच्या हातांत बंदूक नव्हती, केवळ एक काठी होती, आणि तो मोठमोठ्यानें ओरडत, अस्वलाला एकाद्या दांडग्या बैलासारखें खडसावीत धांवत आला. अस्वल सोडून पळालें. टॉल्स्टॉयनें पुढें ही हकीकत मुलांच्या वाचनपुस्तकासाठीं लिहिली, आणि तींत स्वतःला कोठेंही वीर केलें नाहीं. काठीनें अस्वल हाकलतां येतें असें आम्हांस यावरून सुचवावयाचें नाहीं. तसें कोणी करूं नये. आमचें म्हणणें एवढेंच कीं, गोळी लागणें आणि अस्वल थांबणें या दोन निरनिराळ्या घटना आहेत, हें या दोन्ही लेखकांस कळलें होतें.

आतां प्रत्यक्ष वादाकडे वळूं. रायफल किंवा मोठी बंदूक ही अस्वलाविरुद्ध अधिक जोरकस, याविषयीं कोणाचा मतभेद नाहीं. परंतु पाठीवर ओझें, हातांत मासे धरण्याची काठी, अशा माणसाची रायफल नेमकी झाडाला टेकवून ठेवलेली असते. कमरेचें शस्त्र अंगावर राहतें, हा त्याचा एकमेव पण मोठा गुण. मात्र त्याचा जोर कमी. साध्या ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या गोळीचा जोर साडेतीनशें-चारशें फूट-पौंडांचा, १० मिलिमीटरचा सहाशें ते सातशें, ज्या.४४ मॅग्नमच्या नांवानें हें सारें वाङ्मय दुमदुमतें तिचा हजाराच्या आसपास. आणि शिकारीच्या साध्या.३०-०६ रायफलीचा सुमारें अठ्ठावीसशें. म्हणजे रिव्हॉल्व्हरांतील हा मल्ल रायफलीच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच.

येथून पंथभेद सुरू होतात. .४४ मॅग्नम १९५५-५६ सालीं निघाली, आणि १९७१ च्या एका चित्रपटांत नायकानें ती उगारल्यापासून तिला अवतारी पुरुषाचें स्थान मिळालें. या पंथाचें म्हणणें असें कीं, रिव्हॉल्व्हर सहसा अडत नाहीं. बार न उडाल्यास चाप पुन्हां ओढला कीं पुढचें काडतूस समोर येतें. आणि अस्वल अंगावर बसलें असतां नळी त्याच्या देहास टेकवूनही तें चालतें, उलट दुसऱ्या जातीच्या पिस्तुलाचा वरचा सरकता भाग तशा दाबानें मागें ढकलला जाऊन तें मुकें होऊं शकतें. हें सर्व खरें आहे. दुसरा पंथ १० मिलिमीटरवाल्यांचा. तो म्हणतो, तुमच्या रिव्हॉल्व्हरांत पांच-सहा काडतुसें, आमच्यांत पंधरा. धक्का कमी, म्हणून दुसरा बार लवकर. ग्रीनलंडच्या ईशान्य भागांत कुत्र्यांच्या गाड्यांतून गस्त घालणारें डॅनिश सिरियस पथक ध्रुवीय अस्वलांसाठीं याच काडतुसाचें पिस्तूल बाळगीत आलें आहे, हें या पंथाचें आप्तवाक्य. तेंही खोटें नाहीं. तिसरा पंथ केवळ आकारावर विश्वास ठेवणाऱ्यांचा. त्यांच्यासाठीं २००३ सालीं.५०० मॅग्नम निघाली. तिचें रिव्हॉल्व्हर दीड ते दोन किलो वजनाचें असतें. असें धूड पहिल्या दिवशीं कमरेला, तिसऱ्या दिवशीं पाठीवरील पिशवींत आणि पांचव्या दिवशीं तंबूंत राहतें. आणि तंबूंत राहिलेली तोफ ही कमरेच्या सुरीपेक्षांही निरुपयोगी.

एका मुद्द्यावर मात्र सर्व पंथांतील जाणते लोक एक आहेत, आणि तो नवख्यास सहसा माहीत नसतो. माणसांवर चालविण्यासाठीं केलेल्या गोळ्या शरीरांत शिरतांच पसरतात. अस्वलाच्या जाड स्नायूंत व हाडांत त्या वरच्यावरच थबकतात. अस्वलासाठीं पाहिजे ती कठीण शिशाची, न पसरतां खोल जाणारी गोळी. २०१६ सालीं अलास्कांतील एका अनुभवी वाटाड्यानें अंगावर येणारें अस्वल साध्या ९ मिलिमीटरच्या पिस्तुलानें मारलें. तें अशाच गोळ्यांनीं. त्या दिवसापासून ९ मिलिमीटरवाल्यांचाही एक छोटासा पंथ झाला आहे. त्या वाटाड्यानें आयुष्यभर अस्वलांच्या सहवासांत काढलेलीं वर्षें मात्र कोणत्याही दुकानांत मिळत नाहींत, याचा या पंथास विसर पडतो.

या शास्त्रार्थांत जी गोष्ट कोणी मोजीत नाहीं ती म्हणजे वेळ. अस्वल ताशीं पन्नास-पंचावन्न किलोमीटरांच्या वेगानें धांवूं शकतें. म्हणजे एका सेकंदांत सुमारें पंधरा मीटर. झाडीच्या वळणावर तीस मीटरांवर तें दिसलें आणि तें तत्क्षणीं निघालें, तर आपल्या हातीं दोन सेकंद आहेत. तेवढ्यांत हें अस्वल खरोखर येत आहे कीं केवळ धाक घालीत आहे हें ओळखावयाचें (कारण पुष्कळ अस्वलें थोडें धांवून थांबतात), हात कमरेशीं न्यावयाचा, होल्स्टरचें बंद सोडावयाचें, आणि खालींवर हालणाऱ्या एका डोक्यावर नेम धरावयाचा. हृदयांत गोळी लागलेलें जनावरही मेंदूंत उरलेल्या रक्तावर कांहीं सेकंद धांवतें; जागच्या जागीं थांबविते ती मेंदूंतील किंवा मणक्यांतील गोळीच. सावकाश उभें राहून पुठ्ठ्याच्या निशाणावर नेम साधलेल्या मनुष्यास हें साधेल असें मानणें म्हणजे तालमीच्या चित्रांकडे पाहून कुस्ती मारण्याची आशा धरणें होय. अलास्कांतील जुने लोक नवख्यास एक उपदेश करतात म्हणे: पिस्तूल घ्यायचें तर घे, पण नळीच्या टोकाची माशी आधीं कानशीनें घासून टाक, म्हणजे अस्वल तें तुझ्या हातून हिसकून तुझ्यावरच चालवील तेव्हां कमी दुखेल. मूळ विनोद याहून ग्राम्य आहे. आम्हीं तो घरांत वाचण्याजोगा केला आहे.

या भाऱ्यांत दोन निबंध मात्र असे निघाले कीं ज्यांच्यापुढें इतर सर्व फिके पडावे. टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो यांनीं सहकाऱ्यांसह ते लिहिले. हेरेरो यांचा अस्वलांच्या हल्ल्यांवरील १९८५ चा ग्रंथ या विषयांत आधारभूत मानला जातो. २००८ च्या निबंधांत त्यांनीं अलास्कांत १९८५ ते २००६ या काळांत लाल मिरचीच्या अर्काचा फवारा जेथें वापरला गेला अशा ८३ घटना तपासल्या. तपकिरी अस्वलांच्या बाबतींत शेंकडा ९२ वेळां आणि काळ्या अस्वलांच्या बाबतींत शेंकडा ९० वेळां त्या फवाऱ्यानें अस्वल थोपलें. फवारा जवळ बाळगणाऱ्यांपैकीं शेंकडा ९८ जणांस इजा झाली नाहीं, व ज्यांस झाली त्यांची इजा किरकोळ होती. (तिखटाचा असा उपयोग आमच्या घरोघरच्या स्वयंपाकघरांतील मंडळींस सुचला नसता असें नाहीं, डबा उघडतांना ठसका कोणास लागतो हें त्या जाणतात. त्या घटनांतही फवारा उलटून स्वतःच बेजार झालेले कांहीं होते.) २०१२ च्या निबंधांत १८८३ ते २००९ पर्यंतच्या २६९ घटना आहेत, ज्यांत माणसांजवळ बंदुका किंवा पिस्तुलें होतीं. पिस्तुलांस शेंकडा ८४ आणि लांब बंदुकांस शेंकडा ७६ वेळां यश आलें. म्हणजे लहान शस्त्र मोठ्याहून सरस ठरलें! परंतु त्याच निबंधाचा दुसरा निष्कर्ष अधिक विचार करण्याजोगा आहे: जवळच्या गांठीत ज्यांनीं शस्त्र चालविलें आणि ज्यांनीं असूनही चालविलें नाहीं, त्यांना झालेल्या इजांच्या प्रमाणांत फरक आढळला नाहीं. शस्त्र व्यर्थ गेलें त्याच्या कारणांत पहिलें कारण वेळ मिळाला नाहीं हें. नेम चुकल्याचें किंवा गोळीचा जोर अपुरा पडल्याचें नव्हे.

येथें आमचे मिरचीपक्षीय मित्र टाळ्या पिटतील. त्यांनीं थोडें थांबावें. हे दोन निबंध शेजारीं ठेवून तुलना करणें बरोबर नाहीं. बंदुकीच्या घटनांत बातमी होण्याइतक्या भयंकर गोष्टी पुष्कळ आहेत. फवाऱ्याच्या घटनांत नुसतें कुतूहलानें तळाजवळ आलेलें अस्वल हाकलल्याच्याही नोंदी आहेत. गोष्टी समान नसतां त्यांची शतमानें समोरासमोर उभीं करणें हा जुन्या वैद्यांच्या जाहिरातींतील प्रकार झाला. पिस्तूलपक्षानेंही आपल्या यशाच्या याद्या प्रसिद्ध केल्या आहेत, आणि त्यांतही यशस्वीच गोष्टी सहज जमतात. तथापि दोन्ही बाजूंस पुरेपूर सूट देऊनही एक गोष्ट उरते. फवाऱ्याचा ढग रुंद असतो, त्याला नेमाची फारशी गरज नाहीं. आणि त्यानें अस्वल मरत नाहीं.

अस्वल मरतें किंवा मरत नाहीं यास या वाङ्मयांत कांहींच मोल नाहीं, ही आमची तिसरी तक्रार. अलास्का वगळतां अमेरिकेच्या मुख्य भूमींत एके काळीं सुमारें पन्नास हजार ग्रिझली अस्वलें होतीं. १९७५ सालीं कायद्याचें संरक्षण मिळालें तेव्हां हजारही उरलीं नव्हतीं. आज सुमारें दोन हजार आहेत. अलास्कांत तीं विपुल आहेत, तरी स्वसंरक्षणार्थ अस्वल मारणाऱ्यास तेथेंही त्याचें कातडें व कवटी सरकारजमा करून लेखी निवेदन द्यावें लागतें. आणि उघड्यावर अन्न टाकून आपणच त्याला बोलाविलें असेल तर तें स्वसंरक्षण ठरत नाहीं. यलोस्टोन उद्यानांत २०१० पासून पिस्तूल बाळगण्यास मुभा आहे, पण उडविण्यास मनाई. भाऱ्यांतील लेखक या नियमांचा उल्लेख करतात तो केवळ त्यांस हंसण्यासाठीं. आम्हांस त्यांत हंसण्यासारखें फारसें आढळलें नाहीं. भ्यालेल्या माणसानें अर्धवट जखमी करून सोडलेलें अस्वल त्याच वाटेनें दुसऱ्या दिवशीं येणाऱ्या कुटुंबास भेटतें.

हा सर्व मजकूर आम्ही आमच्या स्नेह्यांस एके दिवशीं त्यांच्या घरीं सांगत असतां आंतून वहिनी बाहेर आल्या. त्यांचें माहेर चंद्रपुराकडचें. लहानपणीं शाळेच्या पुस्तकांतली दोन मित्र आणि अस्वलाची गोष्ट त्यांनींही वाचलेली, पण अस्वल म्हणजे काय हें त्यांस गोष्टींतून कळलेलें नव्हतें. मोहाच्या हंगामांत पहांटे फुलें वेंचण्यास जाणाऱ्या बाया त्यांनीं पाहिल्या होत्या. आपल्याकडील अस्वल आकारानें लहान, पण दचकलें म्हणजे सरळ तोंडावर धरतें. आणि तेंही त्याच फुलांसाठीं त्याच झाडाखालीं येतें. "त्या बाया एकट्या कधीं जात नाहींत," वहिनी म्हणाल्या, "आणि गप्प कधीं जात नाहींत. पिस्तूल हातांत येईपर्यंत अस्वल थांबणार आहे का, एवढें मला सांगा." आमच्या दोन महिन्यांच्या वाचनाचा सर्व भाग या प्रश्नांत होता, हें मान्य करण्यांत आम्हांस कमीपणा वाटत नाहीं. हेरेरोंच्या ग्रंथाचा मोठा भाग हेंच सांगण्यांत खर्च झाला आहे कीं, माणसांच्या मोठ्या, बोलत्या घोळक्यावर अस्वल क्वचितच येतें. एकाएकीं झालेली भेट टाळावी. आणि अन्न तंबूपासून दूर ठेवावें. शाळेच्या गोष्टींतील मेल्यासारखें पडण्याच्या युक्तीसंबंधीं मात्र वहिनींस आम्हांकडून एक दुरुस्ती मिळाली. पिलांच्या किंवा भक्ष्याच्या रक्षणासाठीं अंगावर आलेल्या ग्रिझलीनें पाडलें तर पालथें पडून, मान हातांनीं झांकून निश्चल राहावें असेंच तेथील जाणते सांगतात. पण काळें अस्वल अंगावर आलें, किंवा कोणतेंही अस्वल भक्ष्य समजून मागें लागलें, तर पडून राहणें प्राणघातक होय. तेथें सर्व शक्तीनें प्रतिकारच केला पाहिजे. गोष्ट लिहिणारानें अस्वलाची जात सांगितली असती तर बरें झालें असतें.

तर मग कोणतें पिस्तूल? प्रश्न विचारला आहे तेव्हां उत्तर टाळणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. ज्यास तेथील कायद्यानें तें बाळगण्याचा अधिकार आहे, ज्यानें वर्ष-सहा महिने घाम गाळून अभ्यास केला आहे, त्यानें जें वजनामुळें कधींही अंगावरून उतरणार नाहीं व ज्याचा दुसरा बार पहिल्याइतकाच नेमका बसतो, असें घ्यावें, तें.४४ असो कीं १० मिलिमीटर, गोळी कठीण असावी, आणि होल्स्टर पाठीवरील ओझ्याच्या पट्ट्यांत न अडकणारें, छातीवरचें असावें. तेंही फवाऱ्याच्या जोडीला. फवाऱ्याच्या ऐवजीं नव्हे. ज्यानें अभ्यास केलेला नाहीं त्याला जगांतील सर्वांत जबरदस्त रिव्हॉल्व्हर दिलें तरी तें ताईतच आहे. पूर्वीं दरवेशी अस्वल घेऊन दारीं येत, आणि बाळ दचकूं नये म्हणून त्याच्या केंसांचे ताईत आया घेत. ती प्रथा आतां गेली; परंतु आईचें मन निवावें म्हणून कमरेला बांधलेलें न शिकलेलें पिस्तूल हें त्याच जातीचें आहे, फक्त यांत अस्वलाच्या ऐवजीं काडतुसें आहेत.

आमच्या स्नेह्यांच्या चिरंजीवांपुरता हा प्रश्न अखेर वेगळ्याच रीतीनें सुटला. नोकरीच्या तात्पुरत्या परवानगीवर अमेरिकेंत राहणाऱ्या परक्या नागरिकास, शिकारीचा वैध परवाना वगैरे थोडे अपवाद सोडले तर, तेथील मध्यवर्ती कायद्यानें पिस्तूल बाळगतांच येत नाहीं. भाऱ्यांतील एकाही लेखकास आपला वाचक परका असूं शकेल हें सुचलें नव्हतें, आणि चिरंजीवांसही कोणीं सांगितलें नव्हतें. दुसरी मौज अशी कीं, तेथील विमानांत रिकामें पिस्तूल कुलुपबंद पेटींतून सामानासह नेतां येतें. अस्वलाचा फवारा मात्र कोणत्याही सामानांतून नेतां येत नाहीं. म्हणून त्या तिघांनीं फवाऱ्याचे डबे अलास्कांत उतरल्यावरच घेण्याचें ठरविलें आहे. तोंपर्यंत सरावासाठीं मिळतो तो नुसत्या वायूचा, बिनतिखटाचा डबा चिरंजीवांनीं मागविला.

गेल्या रविवारीं मोबाईलवर वहिनींनीं त्याला तो कमरेला लावून उभें केलें, आणि "आलं!" म्हणून एकदम ओरडल्या. डबा हातांत येऊन वरची कळ सुटेपर्यंत त्यांचें मोजणें पांचावर गेलें. पुन्हां करविलें, चार. आमचे स्नेही म्हणाले, पुरे आतां, तिकडे रात्र झाली आहे. वहिनी म्हणाल्या, दोनावर येईपर्यंत रोज. भारा अजून आमच्या मेजावरच आहे. स्नेह्यांनीं त्यांतून लुईसच्या रोजनिशीचें पुस्तक तेवढें वाचावयास परत नेलें.